कोरियाला जायचं तर व्हाया इंग्रजी कशाला?

कोरियन भाषेत मांसाला 'कोगी' म्हणतात आणि सोया-लसणात मुरवून विस्तवावर भाजलेल्या मांसाला 'पुलगोगी'. 'पुल' म्हणजे विस्तव. एकटा असला की 'कोगी', आधी विस्तव लागला की 'गोगी'. गंमत पुढेच आहे. मुळातल्या 'कोगी'मधला क आणि ग लिहायला कोरियनमध्ये अक्षर एकच. हे कळल्यावर मराठी माणूस आधी वैतागतो. क वेगळा, ग वेगळा, हे पहिलीतलं पोरही सांगेल. पण कोरियन कानाला त्यात दोन आवाज ऐकूच येत नाहीत. शब्दाच्या तोंडाशी तो क-सारखा फुटतो, दोन स्वरांमध्ये किंवा ल आणि स्वर यांच्यामध्ये सापडला की आपोआप मऊ पडून ग होतो. लिहिणाऱ्याला त्याची दखल घ्यावीशीही वाटत नाही.

दक्षिण कोरियाने 2000 साली ठरवलेल्या रोमन लेखनपद्धतीत या अक्षरासाठी दोन्ही ठिकाणी 'जी' लिहितात. रोमनवरून शिकणारा मग 'गोगी' म्हणत बसतो, आणि मालिकेतली नायिका 'कोगी' म्हणते तेव्हा आपल्याच कानावर संशय घेतो.

भिवंडीत हल्ली हा संशय घेणारे बरेच भेटतात. कोरियन मालिका हिंदीत डब होऊन फोनवर आल्या, त्यांच्यामागून झणझणीत नूडल्सची पाकिटं किराणा दुकानांत आली, आणि बघता बघता कॉलेजातल्या मुलामुलींनी वह्या काढल्या. वहीच्या डाव्या बाजूला कोरियन, उजव्या बाजूला इंग्रजी. ज्या शहरात मंडईपासून तीन बत्तीपर्यंत चालताना मराठी, उर्दू, तेलुगू आणि आगरी बोली कानावर पडतात, तिथल्या मुलांनी कोरियनकडे इंग्रजीच्या खिडकीतून बघावं, हे मला पटत नाही. स्वयंपाकाचंही तेच. अमेरिकेतल्या कुणीतरी अमेरिकेतल्या बाजारासाठी लिहिलेली पाककृती समोर धरायची आणि भिवंडीत 'नापा कॅबेज' मिळत नाही म्हणून आंबवलेल्या कोबीच्या किमचीचा बेत रद्द करायचा! वास्तविक कोरियन भाषेचं व्याकरण इंग्रजीपेक्षा मराठीला कितीतरी जवळचं आहे, आणि कोरियन किमचीचं सामान अमेरिकन सुपरमार्केटपेक्षा आपल्या सुक्या मासळीच्या टोपलीला.

आधी लिपी. 'हांगुल' ही लिपी कुणी, कधी केली हे नक्की ठाऊक आहे, आणि जगातल्या फार थोड्या लिप्यांबद्दल असं म्हणता येतं. चोसन घराण्याच्या सेजोंग राजाने ती 1443 मध्ये सिद्ध केली आणि 1446 मध्ये जाहीर केली. तोवर लिहायला चिनी चित्राक्षरं होती. ती शिकण्यात उमर जायची, त्यामुळे लिहिणं-वाचणं दरबारी मंडळींपुरतं राहिलं होतं. नव्या लिपीला विरोध झाला तो याच मंडळींकडून. 1444 मध्ये चे मान-री नावाच्या विद्वानाने राजाकडे रीतसर तक्रारअर्ज दिला. आपण चिनी विद्येपासून तुटू, रानटी लोकांत आपली गणना होईल, असा त्याचा एकूण सूर.

सेजोंगने अक्षरांचे आकार तोंडातून घेतले. क/गचं अक्षर म्हणजे आडवी रेघ आणि उजव्या टोकाला खाली उतरणारी उभी रेघ. जिभेचं मूळ वर उचलून घसा अडवतं, त्याचं ते बाजूने काढलेलं चित्र. नचं अक्षर इंग्रजी 'एल'सारखं, कारण न म्हणताना जिभेचं टोक वर वळून दातांमागे टेकतं. म म्हणजे मिटलेल्या तोंडाचा चौकोन, स म्हणजे दाताचं टोक, घशाचं अक्षर म्हणजे नुसतं वर्तुळ. नवर एक रेघ चढवली की त, आणखी एक चढवली की थ. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य ही वर्गवारी शाळेत घोकलेल्या माणसाला इथे ओळखीचं काहीतरी दिसेल, आणि ते उगाच नाही. उच्चारस्थानांप्रमाणे वर्ण लावण्याची विद्या बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासासोबत चीनमध्ये गेली होती आणि सेजोंगच्या पंडितांनी चिनी ध्वनिशास्त्राचे ग्रंथ वाचलेले होते. अक्षरांमागचा हा विचार सांगणारं मूळ पुस्तक शतकानुशतकं हरवलेलं होतं. ते 1940 मध्ये सापडलं. तोपर्यंत दारांच्या जाळीदार चौकटी बघून राजाला अक्षरं सुचली, असंही सांगितलं जायचं! आता ते पुस्तक युनेस्कोच्या जागतिक स्मृतिठेव्यात आहे, 1997 पासून. मूळ 28 अक्षरांपैकी आज 24 वापरात आहेत, 14 व्यंजनं आणि 10 स्वर. मराठी वाचणाऱ्याला एका रविवारात ती ओळखता यावीत.

ओळखणं सोपं, उच्चारणं त्याहून थोडं कठीण. कोरियनमध्ये त-सारखे तीन आवाज आहेत. एकाने 'चंद्र' होतो, दुसऱ्याने 'मुलगी', तिसऱ्याने 'मुखवटा'. बाकी शब्द तोच. इंग्रजी बोलणाऱ्याला तिन्ही एकच ऐकू येतात, कारण त्याच्या भाषेत त आणि थ यांवरून अर्थ बदलत नाही. आपल्याकडे तो बदलतो. मुखवट्याचा 'थाल' आणि मुलीचा 'ताल' मराठी माणसाला जवळजवळ फुकट मिळतात. फक्त मुलीचा त जरा श्वास आवळून म्हणायचा. राहता राहिला चंद्र. तो दोघांच्या मधला, सैल, आणि सोलमधली आजची तरुण पिढी तो खालच्या सुरात म्हणते. म्हणजे तीनातली एकच गोष्ट शिकायची उरली.

असंच स आणि शचं. म्हैस, पण म्हशी. पैसा, पण पैशाला. सपुढे इ किंवा य आला की मराठीत त्याचा श होतो, हे आपण न शिकता करतो. कोरियनमध्येही पुढे इ आला की नेमकं हेच घडतं. वेळेला रोमनमध्ये 'एस'ने सुरू होणारं 'सिगान' लिहितात आणि म्हणतात 'शिगान'. इंग्रजी पुस्तकाला यासाठी स्वतंत्र नियम द्यावा लागतो. मराठी मुलाला 'म्हैस-म्हशी' एवढं सांगितलं की पुरे. आश्चर्य म्हणजे हे कुणी सांगत नाही.

मराठी हात टेकते अशाही जागा आहेत. एक स्वर असा आहे की ओठ हसल्यासारखे ताणून उ म्हणायचा, त्याला देवनागरीत अक्षरच नाही. शब्दाच्या शेवटचं व्यंजन कोरियन माणूस तोंडातच गिळतो. भाताला 'पाप्' म्हणतात, पण शेवटच्या पला ओठ मिटतात ते मिटलेलेच राहतात. आपण ते फट्‌कन उघडतो आणि भाताचं पातक करून ठेवतो. र आणि ल यांनाही अक्षर एकच. तरीही राजधानीचं नाव रोमनवरून 'सेऊल' वाचण्यापेक्षा हांगुलवरून 'सॉ-उल' वाचणारा लवकर मार्गाला लागतो.

व्याकरणात तर आपली चंगळ आहे. 'काल आलेल्या पाहुण्याने आणलेला मासा मी खाल्ला' हे वाक्य घ्या. इंग्रजीत ते उलटंपालटं करून दोन जोडणारे शब्द घुसडावे लागतात. कोरियनमध्ये शब्द आहेत त्याच क्रमाने मांडायचे. 'काल', मग 'आलेला', मग 'पाहुणा', त्याला मागे चिकटणारा प्रत्यय, मग 'आणलेला', मग 'मासा' आणि त्याचा प्रत्यय, 'मी', आणि सगळ्यात शेवटी क्रियापद. विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, विशेषणासारखं वापरलेलं धातुसाधित नामाच्या पुढे येतं. उर्दू आणि तेलुगू बोलणाऱ्यालाही क्रियापद शेवटी ठेवायची सवय आहेच. वर कोरियनमध्ये लिंग नाही, आणि मी खातो, ती खाते, ते खातात या सगळ्यांना रूप एकच. ही सगळी सूट मानापानात वसूल होते म्हणा. समोरचा कोण, वयाने केवढा, ओळख किती, यावर क्रियापदाचा शेवट बदलतो, आणि मोठ्यांच्या जेवण्याला वेगळंच क्रियापद आहे. पण तू, तुम्ही आणि आपण यांत रोज तारेवरची कसरत करणाऱ्यांना हे इंग्रजांइतकं जड जाऊ नये. खरी डोकेदुखी आकड्यांची. कोरियनमध्ये आकड्यांचे दोन संच आहेत, एक देशी आणि एक चिनी वळणाचा. साडेतीन वाजले हे सांगताना तीन देशी आणि तीस चिनी. याला काही तर्क नाही, पाठ करायचं.

पहिलं पाठ्यपुस्तक म्हणून मी नूडल्सचं पाकीट सुचवेन. साम्यांग कंपनीने 2012 मध्ये आणलेली ती काळ्या पाकिटातली जहाल नूडल्स घ्या. 2024 मध्ये डेन्मार्कने त्यातले काही प्रकार फार तिखट म्हणून बाजारातून मागे घ्यायला लावले होते, तीच. पाकिटावरच्या कोरियन नावात पाच ठोकळे आहेत. कोरियनमध्ये अक्षरं एकापुढे एक न लिहिता एका उच्चाराची दोन ते चार अक्षरं मिळून एक ठोकळा करतात, आपण व्यंजनाला काना-मात्रा लावतो तसं काहीसं. नाव आहे 'पुल-दाक-पोक्कुम-म्यॉन'. पुल ओळखीचा झाला, विस्तव. दाक म्हणजे कोंबडी, पोक्कुम म्हणजे परतलेलं, म्यॉन म्हणजे शेवया. शेवटचा ठोकळा नीट बघा. डावीकडे वर मचा चौकोन, शेजारी उभी रेघ आणि तिच्यातून डावीकडे निघालेल्या दोन छोट्या रेघा म्हणजे 'यॉ', आणि खाली पसरलेला 'एल'सारखा न. आता दुकानातलं कुठलंही दुसरं कोरियन पाकीट उचला. त्यावर 'राम्यॉन' लिहिलेलं असेल तर हाच ठोकळा शेवटी दिसेल. तो दिसला की तुम्ही कोरियन वाचायला लागलात.

पदार्थांच्या नावांची ही मोडणी फार कामाची आहे. बहुतेक नावांच्या शेवटी कृती असते. 'गुक' म्हणजे पातळ सार, 'जिगे' म्हणजे दाट रस्सा, 'जिम' म्हणजे वाफवलेलं किंवा मुरत शिजवलेलं, 'गुई' म्हणजे भाजलेलं. 'जॉन' म्हणजे सरळ धिरडं. 'पा' म्हणजे कांद्याची पात, तेव्हा 'पाजॉन' हे पातीचं धिरडं. कोरियात पाऊस लागला की ते हटकून करतात, म्हणजे आपल्याकडे कांदाभजीची जी वेळ तीच त्याची. अशी दहा-पंधरा शेपटं पाठ केली की अख्खं मेनूकार्ड उलगडतं.

लिपी आणि चूल यांची गाठ कोरियात फार जुनी आहे. दरबाराने हिणवलेली हांगुल टिकवली ती बऱ्याच अंशी बायकांनी. आंदोंगकडच्या जांग ग्ये-ह्यांग या विदुषीने 1670 च्या सुमारास, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, लेकीसुनांसाठी हांगुलमध्ये पाकपुस्तक लिहिलं. त्याचं नाव 'उमशिक दिमिबांग'. त्यात 146 कृती आहेत, पैकी पन्नासेक दारू गाळण्याच्या! मराठीतल्या सुरुवातीच्या छापील पाकपुस्तकांपैकी रामचंद्र सखाराम गुप्ते यांचं 'सूपशास्त्र' 1875 चं, म्हणजे दोनशे वर्षं नंतरचं.

या बाईंच्या पुस्तकात मिरची नाही. कोरियन जेवण म्हटलं की लालभडक किमची डोळ्यांपुढे येते, पण मिरचीचा तिथला पहिला लेखी उल्लेख 1614 चा आणि मिरची घातलेल्या किमचीची कृती थेट 1766 च्या ग्रंथात. मिरची अमेरिकेतली. पोर्तुगिजांच्या जहाजांतून ती आपल्या किनाऱ्यावर आली आणि जपानमार्गे कोरियात पोचली, असं साधारण मानलं जातं. म्हणजे तिखटाच्या बाबतीत आपण आणि कोरिया दोघेही नवशिके. भिवंडी तालुक्यातल्या अंजूरच्या नाईकांनी वसईच्या मोहिमेसाठी पेशव्यांकडे खटपट केली आणि 1739 मध्ये पोर्तुगीज वसईतून गेले. मिरची राहिली.

आता किमची. कोबीच्या नावाने अडून बसू नका, मुळ्यापासून सुरू करा. चौकोनी फोडींच्या मुळ्याच्या किमचीला 'काक्तुगी' म्हणतात. कोरियन मुळा आणि आपला मुळा एकाच जातीचे, फक्त तिकडचा जाड आणि गोडसर. म्हणून थंडीतला कोवळा, पाणीदार मुळा घ्यावा. उन्हाळ्यातला उग्र लागतो. किलोभर मुळ्याच्या पाऊण इंची फोडी करायच्या. त्यांना वीस-पंचवीस ग्रॅम जाडं मीठ आणि चमचाभर साखर चोळून तासभर ठेवायचं. कोरियात किमचीला समुद्राचं पाणी उन्हात आटवून केलेलं खडामीठ वापरतात. आपल्या मिठागरांतलं मीठही असंच होतं, त्यामुळे यासाठी परदेशी पुडा मागवणाऱ्याला मी हसेन. मिठाने फोडींतलं पाणी बाहेर येतं, फोड लवचिक होते पण आत कुरकुरीत राहते.

पाणी निथळेपर्यंत तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करायची. त्यात लसूण, आलं, कांद्याची पात आणि मिरची. कोरियन मिरचीचा भरड चुरा रंगाला गडद आणि तिखटाला बेताचा असतो. बाजारातली ब्याडगी बिया काढून मिक्सरला ओबडधोबड फिरवली की ती गरज भागते.

आणि मग येतो जवळा. किमचीत कोरियन घरं 'सेउजॉत' घालतात, म्हणजे मिठात मुरवलेली बारीक कोळंबी. ही कोळंबी 'असेटिस' प्रजातीतली. कोळणीच्या टोपलीतला जवळाही त्याच प्रजातीतला. ते मिठात मुरवतात, आपण उन्हात वाळवतो. मूठभर सुका जवळा निवडून, कोरडा भाजून, कोमट पाण्यात भिजवून वाटला की खारट-उमद्या चवीचा प्रश्न मिटतो. फिश सॉसच्या बाटलीसाठी मुंबई गाठायला नको, काल्हेर-कशेळीकडच्या कुठल्याही आगरी घरात डबा भरलेला सापडेल.

सगळं एकत्र कालवून बरणीत दाबून भरायचं आणि वर चार बोटं जागा सोडायची, कारण ते फसफसतं. इथे लोणच्याची सवय विसरायला हवी. लोणचं टिकतं ते भरपूर मीठ आणि तेलाने जिवाणूंना थोपवून. किमची टिकते ती जिवाणूंना राबवून. कमी मिठात, हवेपासून दूर, लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात, आंबटपणा वाढवतात, आणि त्या आंबटपणात नासवणारे जिवाणू तगत नाहीत. कोरियात हे काम नोव्हेंबरअखेरच्या थंडीत, शेजारपाजार जमवून करतात. या 'किमजांग'ला युनेस्कोने 2013 मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशात घेतलं. बरण्या जमिनीत पुरायच्या म्हणजे बर्फाच्या आसपासच्या तापमानात किमची महिनोन्‌महिने सावकाश पिकायची. अपार्टमेंट आल्यावर पुरायला अंगण राहिलं नाही, तेव्हा खास किमचीचे फ्रिज निघाले. भिवंडीच्या मे महिन्यात हे गणित पार बदलतं. कोरियन पाककृती 'बाहेर दोन दिवस ठेवा' म्हणते ते तिकडच्या खोलीत. इथे सकाळी भरलेली बरणी रात्री चाखायची. बुडबुडे आणि आंबूस वास आला की लगेच फ्रिज. जानेवारीत एक-दीड दिवस चालतो. झाकण घट्ट लावा, नाहीतर घरच्यांच्या दुधाला लसणाचा वास येईल आणि छंदाला तिथेच पूर्णविराम मिळेल.

सगळंच घरी करायला जाऊ नये. सोयाबीनपासून होणारी 'त्वेन्जांग' आणि 'कोचुजांग' ही कोरियन स्वयंपाकाची पायाभूत वाटणं. शिजवलेल्या सोयाबीनच्या विटा भाताच्या पेंढ्याने बांधून टांगतात, त्यांच्यावर बुरशी आणि जिवाणू चढू देतात, मग मिठाच्या पाण्यात महिनोन्‌महिने मुरवतात. ही परंपरा 2024 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. लातूरच्या बाजारात सोयाबीनची रास लागते, ती मुख्यतः तेल आणि पेंडीसाठी. तिचं असं काही करावं हे आपल्याला कधी सुचलं नाही. पण कोकणच्या दमट हवेत विटांवर कुठली बुरशी चढेल याचा भरवसा नाही, आणि काही बुरश्या विषारी असतात. ही दोन वाटणं विकतच आणावीत.

विकत आणताना भिवंडीत लेबल नीट वाचलं जातं, आणि वाचायलाच हवं. बाजारातल्या बऱ्याच कोचुजांगमध्ये टिकण्यासाठी थोडं अल्कोहोल घातलेलं असतं. हलाल पाळणाऱ्या घरांनी हलालचा शिक्का बघावा, तशी उत्पादनं मिळतात. शाकाहाऱ्यांना किमचीतली मासळी नडते. त्यांच्यासाठी कोरियन बौद्ध मठांचा स्वयंपाक आहे. त्यात मांस-मासे तर नाहीतच, शिवाय लसूण, कांदा, पात हे उग्र प्रकारही वर्ज्य. जैन शेजाऱ्याला किमची द्यायची तर वाट तिकडून जाते, अर्थात मुळ्याऐवजी कोबी घेऊन आणि आलं वगळून. तांदूळही इथलाच चालतो. 'किम्बाप' या भाताच्या गुंडाळीला चिकट भात लागतो, बासमती कामाचा नाही. इंद्रायणी किंवा आंबेमोहोर घ्या. कोरियन तिळाचं तेल भाजलेल्या तिळांचं, आपलं कच्च्या तिळांचं. आपल्या तेलात भाजलेल्या तिळाचं कूट घातलं तर बऱ्यापैकी निभावतं.

इथे न मिळणारं सामान ऑनलाइन मागवलं तर ते भिवंडीकराला लवकर मिळतं, याला कारण मुंबईची जकात. जकात नाक्याच्या अलीकडे, नाशिक महामार्गाला लागून आणि न्हावाशेवा बंदराच्या टप्प्यात माल उतरवला की कर वाचायचा, म्हणून मानकोली, दापोडे, पूर्णा, राहनाळच्या शेतांवर गोदामं उभी राहिली. 2017 मध्ये जकात गेली, गोदामं वाढतच राहिली, आणि ऑनलाइन कंपन्यांनीही तिथेच पथाऱ्या पसरल्या.

छंदातून पोट भरेल का, हे घरची मोठी माणसं विचारतातच. रांजणगावला एलजी आहे, तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, माणगावजवळ पोस्कोचं पोलाद आहे, आणि छत्रपती संभाजीनगरजवळ ह्योसंग ताणल्या जाणाऱ्या कपड्यांना लागणारा स्पँडेक्स धागा काढते. भिवंडीसारख्या यंत्रमागाच्या गावाला धाग्याचं महत्त्व सांगायला नको. अशा ठिकाणी दुभाष्यांना काम असतं, पण त्यासाठी 'टोपिक' या कोरियन भाषेच्या परीक्षेच्या वरच्या पातळ्या लागतात. परीक्षेचे भाग दोन, पातळ्या एकूण सहा, आणि निकाल दोन वर्षंच ग्राह्य धरतात, हे फी भरण्याआधी लक्षात घ्यावं. पहिल्या भागात फक्त ऐकणं आणि वाचणं. 200 पैकी 80 गुणांना पहिली पातळी, 140 ला दुसरी. पहिलीला साधारण 800 शब्द लागतात, आणि त्यांतले बरेचसे खाणंपिणं, बाजारहाट आणि ओळखपाळख यांचेच असतात.